एका खोलीत किती जण? वेळणेश्वरपासून रोमपर्यंत कुटुंबासह मुक्काम करताना

मे महिन्याची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्या घराघरांतून प्रवासाचे बेत ठरू लागतात. कोणी कोकण किनाऱ्यावर चार दिवस विसावायला जातात, तर कोणी अनेक वर्षे पैसे साठवून रोम, लूर्द, फातिमा अशा तीर्थस्थळांच्या यात्रेस निघतात. तिकिटे, कपडे, औषधे आणि खाऊचे डबे यांचा विचार सर्वजण करतात. परंतु मुक्कामाच्या एका खोलीत आपल्यापैकी किती जणांना राहता येईल, हा प्रश्न बहुतेक वेळा दारात सामान उतरवल्यावरच पुढे येतो, आणि मग प्रवासाच्या पहिल्याच रात्री मनस्ताप होतो. या विषयाची माहिती वाचकांना व्हावी म्हणून हा लेख.

आमच्यावर हा प्रसंग वेळणेश्वर येथे आला. दोन भावांची कुटुंबे, सोबत आई, अशी आम्ही मोठी पाच आणि मुले तीन. मे महिन्याचा तिसरा आठवडा. चिपळूणहून शृंगारतळीमार्गे पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. दोन खोल्या ठरवल्या होत्या. त्या दोघा-दोघांच्या आहेत हे ठरवताना ऐकले होते, पण मनावर घेतले नव्हते. आम्ही आठ जण गाडीतून उतरलेले पाहून घराच्या मालकीणबाई थबकल्या. माझी पत्नी त्यांना म्हणाली, "काकू, मुलं आमच्या पायाशी झोपतील. एक गादी टाकली की झालं." त्यावर काकूंनी दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, "ताई, झोपायला जागा आहे हो, पण विहिरीला पाणी नाही."

त्या रात्री त्यांनी शेजारच्या घरी तिसरी खोली मिळवून दिली आणि तिचे पैसे आम्ही कुरकुरत दिले. आपली अडवणूक झाली, असेच तेव्हा वाटले. पुढे या विषयाची माहिती घेतल्यावर चूक कोणाची होती ते लक्षात आले.

वेळणेश्वरातील मुक्काम

वेळणेश्वर हे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. शंकराचे प्राचीन देवस्थान, नारळी-पोफळीच्या बागा आणि स्वच्छ किनारा यांसाठी ते प्रसिद्ध आहे. अनेक कोकणस्थ घराण्यांचे हे कुलदैवत असल्याने कुलाचारासाठी तीन-तीन पिढ्या एकत्र येतात. महाशिवरात्रीच्या यात्रेला तर गाव फुलून जाते. २०१२ साली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाल्यापासून मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांचीही त्यात भर पडली आहे.

येथे मुक्कामाच्या जागा प्रामुख्याने तीन प्रकारच्या आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान, देवस्थानाच्या परिसरातील भक्तनिवासाची सोय, आणि गावकऱ्यांनी आपल्या घरालगत बांधलेल्या खोल्या. या तिसऱ्या प्रकाराला आता सर्रास होमस्टे म्हणतात. तिन्ही ठिकाणची रीत वेगळी असते. महामंडळाच्या खोलीत दोन मोठी माणसे हे गृहीत धरलेले असते आणि जास्तीच्या व्यक्तीचे वेगळे शुल्क पडते. भक्तनिवासांत सामान्यतः मोठ्या खोल्या आणि सतरंज्या-गाद्यांची सोय असते. घरगुती खोल्यांत मात्र सारे यजमानाच्या शब्दावर चालते, आणि गैरसमज सर्वांत अधिक तेथेच होतात.

आपल्याकडे मुक्कामाची मूळ कल्पना धर्मशाळेची. वाटसरूने ओटीवर पथारी पसरावी, चुलीवर भात शिजवावा आणि पहाटे पुढे जावे. लग्नकार्यात एका माजघरात वीस जण झोपलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यामुळे खोली घेतली म्हणजे ती सगळी आपली, तीत कितीही माणसे राहोत, ही समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे. हॉटेलचा व्यवहार त्याहून वेगळा असतो. तेथे ठरलेल्या संख्येच्या माणसांची सोय विकत घेतलेली असते.

मर्यादा का असते?

खाटांची संख्या हे वरवरचे कारण होय. खरी कारणे भिंतीमागे आणि जमिनीखाली असतात.

प्रथम पाणी. भारतीय मानक १,१७२ नुसार हॉटेलसाठी दर खाटेमागे दररोज १८० लिटर पाणी धरले जाते. चार खोल्यांच्या घरगुती निवासात प्रत्येकी दोन माणसे राहिली, तर दिवसाला १,४४० लिटर पाणी लागेल. त्याच चार खोल्यांत पाच-पाच माणसे राहिली, तर ३,६०० लिटर. समुद्रात डुंबून आलेली माणसे अंगावरचे मीठ आणि वाळू धुण्यासाठी दिवसातून दोनदा नहातात, तो खर्च निराळाच. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून ते पाणी झिरपून वाहून जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक विहिरी तळ गाठतात. पर्यटकांची सर्वांत मोठी गर्दी नेमकी त्याच दिवसांत असते. मग यजमानाला टँकर मागवावा लागतो. समुद्रकाठच्या विहिरीतून बेसुमार उपसा केला, तर तिच्यात खारे पाणी शिरण्याचाही धोका असतो. काकूंच्या एका वाक्यात हे सारे होते.

दुसरे कारण सांडपाण्याचे. गावात भूमिगत गटारे नसतात. प्रत्येक घराची आपली सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा असतो. टाकीचे आकारमान वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवरून ठरते. मैला टाकीत काही काळ स्थिरावला पाहिजे, तरच त्यातील घन भाग तळाशी बसतो. दहा माणसांसाठी बांधलेली टाकी पंचवीस माणसांनी वापरली, तर न स्थिरावलेले पाणी थेट शोषखड्ड्यात जाते. मानकांनुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा. नारळीच्या चिंचोळ्या वाडीत हे अंतर राखणेच मुळात अवघड असते, त्यात जांभ्यातून पाणी झपाट्याने पाझरते. जास्तीच्या माणसांनी खोलीत काढलेली रात्र यजमानाच्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत अशी पोहोचते. हे आपल्याला दिसत नाही, कारण तोवर आपण घरी परतलेलो असतो.

तिसरे कारण आगीचे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये निवासी इमारतींसाठी दर १२.५ चौरस मीटर एकूण क्षेत्रफळामागे एक माणूस असा हिशोब धरला आहे, आणि सामुदायिक शयनगृहांसाठी ७.५ चौरस मीटर. हा आकडा एका खोलीचा नसून जिने, मार्गिका यांसह संपूर्ण मजल्याचा आहे, हे ध्यानात घ्यावे. यावरूनच जिना किती रुंद हवा आणि बाहेर पडण्याच्या वाटा किती हव्यात हे ठरते. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम डिसेंबर २००८ पासून लागू आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो, त्यांच्या मालकांना अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलै महिन्यात सादर करावे लागते. ही सारी तजवीज ठरावीक माणसांसाठी असते. खाटांच्या मध्ये आणि दारापाशी गाद्या अंथरल्या, की अंधारात व धुरात बाहेर पडण्याची वाटच उरत नाही.

याच ओघात एक सूचना करावीशी वाटते. घरगुती निवासांत पुष्कळदा गॅसवर चालणारा गीझर असतो. तो बंद न्हाणीघरात बसवलेला असेल आणि पाच-सहा जणांनी एकामागून एक अंघोळी केल्या, तर कोंडलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याने जीव जातो. गीझर न्हाणीघराबाहेर आहे का, झरोका उघडा आहे का, हे सामान ठेवण्याआधी पाहावे. मुले आत असताना तर अवश्य पाहावे.

कायदा काय सांगतो?

भारतात एका खोलीत अमुकच माणसे राहावीत असे सांगणारा एकच सर्वव्यापी कायदा नाही. संख्या ठरते ती इमारतीचा मंजूर नकाशा, परवाने, नोंदणी आणि यजमानाने जाहीर केलेली अट या सर्वांमधून. केंद्र शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत घरमालकाला १ ते ६ खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त १२ खाटा, पाहुण्यांना देता येतात. एका खोलीत दोन खाटा हे सूत्र त्या आकड्यांतच दडलेले आहे.

खोली ठरवणे हा करार आहे. आपण दोन माणसे सांगून पाच जण गेलो, तर करार आपण मोडलेला असतो, आणि यजमान जास्तीचे शुल्क मागू शकतो किंवा नकारही देऊ शकतो. उलट, आपण आगाऊ पाच माणसे कळवली, त्याने होकार दिला, पैसे घेतले आणि आल्यावर दुसऱ्या खोलीसाठी अडवले, तर ती सेवेतील त्रुटी ठरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, त्यासाठी रत्नागिरीला खेपा घालाव्या लागत नाहीत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी करून पाहावा. अर्थात पुरावा हवा. म्हणून तोंडी बोलणे झाले तरी मोठी माणसे किती, मुले किती, त्यांची वये, गाद्या किती, एकूण रक्कम किती, हे मोबाइलवर लिहून पाठवावे आणि 'होय' असे लेखी उत्तर मागवावे.

प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे ओळखपत्र मागितले जाते, ते कुटुंबातील सर्वांनी जवळ ठेवावे. आधार कार्डच दिले पाहिजे असे नाही. द्यायचेच असेल, तर केवळ शेवटचे चार अंक दिसणारी प्रत काढून द्यावी. आखाती देशांत किंवा युरोपात स्थायिक झालेले आपले नातेवाईक सुट्टीत सोबत येतात. त्यांच्यापैकी कोणाचे पारपत्र परदेशी असेल, तर यजमानाला त्यांची माहिती २४ तासांच्या आत शासनाला कळवावी लागते. खेड्यातील यजमानाला याची कल्पना नसते आणि ऐन वेळी धावपळ होते. खोली ठरवतानाच हे सांगितलेले बरे.

कराविषयीही थोडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, त्यापुढे १८ टक्के. लहान यजमानाची नोंदणी नसेल, तर त्याला स्वतः हा कर आकारता येत नाही. मात्र तीच खोली संकेतस्थळामार्फत ठरवली, तर कर भरण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळावर येते, आणि बिलात तो दिसतो. एकाच खोलीचे दोन भाव का, याचे एक कारण हे आहे.

मुलांचा हिशोब

सर्वाधिक वाद मुलांवरून होतात. आपल्याकडे सामान्यतः पाच वर्षांखालील मूल आईवडिलांच्या खाटेवर झोपत असेल, तर पैसे घेत नाहीत. पाच ते बारा वर्षांपर्यंत गादीचे किंवा न्याहारीचे शुल्क घेतात, आणि त्यापुढे मूल मोठ्यांत धरले जाते. पण हा केवळ प्रघात आहे. कोठे सहा वर्षे, कोठे आठ, तर कोठे दहा अशी रेषा असते. काही पालक अकरा वर्षांच्या मुलाचे वय नऊ सांगतात, तेही त्या मुलाच्या समोर. दोनशे-तीनशे रुपयांसाठी हे करावे का, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

'अतिरिक्त व्यक्ती' आणि 'अतिरिक्त गादी' हे दोन निराळे शब्द आहेत, हेही विचारून घ्यावे. कोठे व्यक्तीचे पैसे दिले की गादी, चादर, टॉवेल आणि न्याहारी मिळते. कोठे गादीचे पैसे दिले, तरी सकाळच्या पोह्यांचे वेगळे द्यावे लागतात.

युरोपात गेल्यावर

वेळणेश्वरच्या काकूंनी शेजारी खोली तरी मिळवून दिली. युरोपात रात्री अकरा वाजता स्वागतकक्षातील कर्मचारी केवळ नम्रपणे मान हलवतो. 'डबल रूम' म्हणजे दोन माणसे, आणि तिसरे माणूस आठ वर्षांचे असले तरी ते तिसरेच. याचा आपल्या माणसांना राग येतो, परंतु त्यामागे जुनी नियमबद्ध व्यवस्था आहे.

इटलीचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९२५ सालच्या राजाज्ञेने हॉटेलच्या एका खाटेच्या खोलीला किमान ८ चौरस मीटर, दोन खाटांच्या खोलीला १४, आणि पुढच्या प्रत्येक खाटेसाठी आणखी ६ चौरस मीटर असे प्रमाण घालून दिले. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला २६ चौरस मीटरची खोली हवी. पुढे लहान हॉटेलांना यात काही सवलती मिळाल्या, तरी माणसागणिक जागा मोजण्याची पद्धत रुजली ती रुजली. शिवाय इटलीत प्रत्येक पाहुण्याचे नाव २४ तासांत पोलिसांना कळवावे लागते. ज्याचे नाव कळवलेले नाही असे मूल खोलीत आढळले, तर हॉटेलचालक अडचणीत येतो. त्यामुळे 'मूल आमच्याजवळच झोपेल' ही विनवणी तेथे चालत नाही.

स्पेनमध्ये डिसेंबर २०२४ पासून पाहुण्यांची अधिक तपशीलवार माहिती घेतली जाते, आणि सोबत अल्पवयीन मूल असल्यास त्याच्याशी असलेले नातेही नोंदवावे लागते. आजी-आजोबांबरोबर किंवा काका-काकूंबरोबर मूल जात असेल, तर जन्मदाखल्याची प्रत आणि आईवडिलांचे संमतीपत्र जवळ असावे. इंग्लंडमध्ये १९७२ च्या आदेशानुसार १६ वर्षांवरील प्रत्येक पाहुण्याची नोंद ठेवावी लागते आणि ती बारा महिने जपावी लागते. सर्व युरोपासाठी मात्र एकच नियम नाही. १९८६ साली तेव्हाच्या युरोपीय समुदायाने वीस किंवा अधिक पाहुण्यांची सोय असलेल्या हॉटेलांतील अग्निसुरक्षेबाबत एक दस्तऐवज काढला, पण ती शिफारस होती, बंधन नव्हते. त्यामुळे देश बदलला की रीत बदलते.

आपल्या धर्मग्रामांतून निघणाऱ्या यात्रा बहुधा पर्यटन संस्थांमार्फत जातात. त्यांच्या दरपत्रकातील शब्द नीट समजून घ्यावेत. 'ट्विन शेअरिंग' म्हणजे एका खोलीत दोघे. 'ट्रिपल शेअरिंग' म्हणजे तिघे, आणि तो भाव थोडा कमी असतो. पण युरोपात त्यासाठी तीन खाटांची प्रशस्त खोली मिळेलच असे नाही. बहुतेक वेळा दोघांच्याच खोलीत घडीची खाट किंवा उघडून पलंग होणारा सोफा टाकतात. साठी उलटलेल्या माणसाला, विशेषतः गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर, अशा खाटेवर दहा रात्री काढणे कष्टाचे होते. वाचलेली रक्कम औषधांत जाते. कुटुंबात पाच जण असतील, तर एक दोघांची आणि एक तिघांची खोली घ्यावी, आणि तिसरी खाट तरुण मुलाला द्यावी. 'चाइल्ड विदाउट बेड' असा भाव घेतला असेल, तर त्या मुलाला खाट मिळणारच नाही.

स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी 'फॅमिली रूम' किंवा मधल्या दाराने जोडलेल्या खोल्या शोधाव्यात. जोडलेल्या खोल्या आणि शेजारच्या खोल्या यांत फरक आहे. शेजारच्या खोल्यांत मुलांकडे जायला मार्गिकेतून जावे लागते. तान्ह्या बाळासाठी कठड्याची लहान खाट अनेक हॉटेले विनामूल्य देतात, पण ती आधी कळवावी लागते, कारण त्यांच्याजवळ अशा खाटा मोजक्याच असतात. रोममधील संन्यासिनींच्या व धर्मसंघांच्या अतिथिगृहांत तीन-चार खाटांच्या खोल्या मिळू शकतात आणि त्या तुलनेने स्वस्तही असतात. मात्र अशा ठिकाणी रात्री ठरावीक वेळी दार बंद होण्याचा नियम असू शकतो. उशिरा उतरणाऱ्या विमानाने जाणाऱ्यांनी ती वेळ आधी विचारावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट व्हिसाची. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो. काही जण पैसे वाचवण्यासाठी संकेतस्थळावर 'दोन प्रौढ' एवढेच भरतात आणि मुलांची नावे गाळतात. मग अर्ज चौघांचा आणि खोली दोघांची असा विसंवाद कागदोपत्रीच दिसतो. दूतावासाने शंका घेतली तर यात्राच हुकते, आणि भरलेले पैसे परत मिळतीलच असे नाही. म्हणून आरक्षणपत्रावर सर्वांची नावे पारपत्राप्रमाणे असावीत.

मुलांचे खरे वय सांगण्याचा फायदाही होतो. अनेक युरोपीय शहरांत दरडोई, दर रात्रीचा पर्यटक कर हॉटेलमध्ये भरावा लागतो. रोम आणि व्हेनिस येथे दहा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. मात्र हे वय मुक्कामाच्या दिवशीचे मोजतात, आरक्षणाच्या दिवशीचे नव्हे. प्रवासात मुलाचा वाढदिवस येत असेल, तर तारखा जुळवून पाहाव्यात.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा वेळणेश्वरला गेलो, त्याच काकूंकडे. या खेपेस तीन खोल्या घेतल्या. फोनवर मी नाव सांगितले, तर त्यांनी ओळखले नाही. त्यांनी आधी विचारले, "माणसं किती, नि मुलांची वयं काय?" मी सांगितले. मग म्हणाल्या, "या. औंदा विहिरीला पाणी आहे."